एका हाताने उघडणारा चाकू आणि यंत्रमागाचे सूत

स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा घडीचा चाकू, म्हणजे ज्याला ‘असिस्टेड ओपनिंग’ म्हणतात तो, पाहणाऱ्याच्या मनात भरतो तो त्याच्या चपळाईमुळे. पात्याला बोटाने जरासा रेटा द्यावा आणि ते ‘खट्’ आवाज करून पूर्ण उघडावे, याची भुरळ कोणालाही पडते. माझे मत मात्र असे झाले आहे की रोजच्या कामात या चपळाईला फारशी किंमत नसते. किंमत असते ती दुसरा हात मोकळा राहण्याला. आणि त्याहीपेक्षा, उघडलेले पाते कशाच्या आधारावर उभे राहते आणि सांध्यात काय साचते, याला.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याचे पॅकिंग माझ्याकडे असते. सुताची बाचकी उघडणे, गाठींची सुतळी कापणे, प्लास्टिकच्या पट्ट्या तोडणे, ही कामे करताना एक हात मालावर ठेवावाच लागतो. पारंपरिक घडीच्या चाकूचे पाते नखाच्या खाचेत नख घालून उपसावे लागते आणि त्याला दोन्ही हात लागतात. असिस्टेड चाकूत पात्यावर अंगठ्यासाठी एक बोंड असते, किंवा पात्याचाच एक छोटा कान मुठीच्या पाठीमागून बाहेर आलेला असतो. त्याला ‘फ्लिपर’ म्हणतात. मला फ्लिपर अधिक पसंत आहे, कारण तर्जनी पात्याच्या वाटेत येत नाही आणि पाते उघडल्यावर तोच कान बोटापुढे आडवा येऊन हात धारेवर घसरू देत नाही.

आत जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. मुठीच्या एका बाजूच्या खोबणीत पीळ घेणारी एक बारीक, वाकवलेली तार बसवलेली असते. तिचे एक टोक मुठीत अडकवलेले असते आणि दुसरे पात्याच्या बुडाशी. चाकू मिटलेला असतो तेव्हा या तारेचा जोर सांध्याच्या अशा बाजूने लागतो की ती पात्याला आतच दाबून धरते. म्हणूनच खिशात चाकू आपोआप उघडत नाही. बोटाने रेटा देऊन पाते थोडे बाहेर काढले की जोराची रेषा सांधा ओलांडते आणि तीच तार पात्याला उघडण्याच्या दिशेने ढकलू लागते. खटक्याच्या चाकूत याच्या उलट असते. तिथे ताणलेली स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि मुठीवरचा खटका तिला अडवून धरतो. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने खटक्याच्या चाकूंवर निर्बंध आले आणि २००९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन, मिटण्याकडे कल असलेल्या चाकूंना सूट मिळाली, ती याच फरकामुळे. ब्रिटनने मात्र २०१९ च्या कायद्यात व्याख्या रुंदावून असिस्टेड चाकूही बंदीत घेतले. हा प्रकार १९९० च्या दशकात अमेरिकेत रुळला. ब्लॅकी कॉलिन्स आणि केन ओनियन हे चाकूंचे रचनाकार ही त्यातली दोन मोठी नावे. ओनियन यांची यंत्रणा केर्शॉ कंपनीने ‘स्पीडसेफ’ या नावाने घरोघरी पोहोचवली.

मिटवताना तारेचा हा दुहेरी स्वभाव हाताला चांगलाच जाणवतो. कुलूप, म्हणजे उघडे पाते अडवून धरणारी पट्टी, सोडवून पाते आत वळवू लागलो की सुरुवातीला ते विरोध करते, उलट बाहेर ढकलते. अर्धी-अधिक वाट गेल्यावर ते अचानक बाजू बदलते आणि उरलेले अंतर स्वतःच आत ओढून घेते. अंगठा पट्टीवरून नेमका कधी काढायचा, हे इथे शिकावे लागते. नवख्या माणसाच्या हाती असा चाकू देताना मी उघडण्याचे नव्हे, मिटवण्याचे प्रात्यक्षिक आधी करून दाखवतो.

खरी पारख कुलपाची. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या चाकूंत ‘लायनर लॉक’ असते: मुठीच्या आतल्या पोलादी पत्र्याचा एक भाग पाते उघडताच आत सरकतो आणि पात्याच्या बुडाला टेकतो. मुठीचीच एक बाजू कापून तिचे असे कुलूप केले की तो ‘फ्रेम लॉक’. चाकू घेताना पाते उघडून प्रकाशाकडे धरावे. पत्रा पात्याच्या बुडावर पुरेसा चढला पाहिजे. कडेला जेमतेम टेकलेला चालणार नाही आणि पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडलेलाही चालणार नाही, कारण पुढे झिजेला जागा उरत नाही. मग पाते वर-खाली आणि आडवे हलवून पाहावे. आडवा हलका खेळ सांध्याचा स्क्रू आवळून जातो, पण वर-खाली खेळ असेल तर चाकू परत करावा. पात्याची पाठ ठोकून कुलूप तपासण्याचे प्रकार व्हिडिओत दिसतात, ते करू नयेत. त्याने चांगले कुलूपही खराब होते.

आता आमच्या गावचा प्रश्न. यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असतात, आणि तेल लावलेला सांधा त्यांना आयते बसायला जागा देतो. पहिल्यांदा पाते पूर्ण उघडायचे थांबते, शेवटच्या टप्प्यात रेंगाळते. त्याहून वाईट म्हणजे कुलपाचा पत्रा आणि पात्याचे बूड यांच्या मधे तंतूंची चपटी गादी जमते, पत्रा पुरता चढत नाही आणि वरून सगळे ठाकठीक दिसते. आमच्या जॉबरने, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराने, माझा असा तंतू साचलेला चाकू हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “मालक, नुसतं फुंकून जाणार नाही हे. टाचणीनं काढा, अन् तेल कमी घाला.” मागाला तेल पाजण्यात हयात गेलेल्या माणसाकडून हा सल्ला यावा, याची मला गंमत वाटली, पण तो अचूक होता. तेलाचा एक थेंब सांध्यात टाकून बाकीचे पुसून घेणे, हीच इथली रीत. याच कारणाने मी बेअरिंगवर फिरणाऱ्या पात्यापेक्षा साध्या ब्राँझ किंवा नायलॉनच्या वॉशरवर फिरणारे पाते पसंत करतो. बेअरिंगवरचे पाते लोण्यासारखे फिरते खरे, पण गोळ्यांच्या मधे तंतू शिरले की सगळे खोलावे लागते. हल्ली बेअरिंगवरचे, स्प्रिंग नसलेले फ्लिपरही तितक्याच झटक्याने उघडतात, म्हणून जाणकार असिस्टेड यंत्रणेला अनावश्यक मानू लागले आहेत. स्वच्छ जागी काम करणाऱ्यांसाठी त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्याकडे वॉशरवरच्या थोड्या जड सांध्याला तारेचा रेटा उपयोगी पडतो.

पोलादाबद्दल थोडक्यात. स्वस्त चाकूंत ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद दिसते. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असते, धार लवकर लागते आणि लवकर जातेही. स्वीडनचे १४सी२८एन गंजाला अधिक दाद देत नाही आणि मला तेच सर्वांत पटते. डी२ धार जास्त टिकवते, पण गंज रोखणाऱ्या त्यातल्या सुमारे १२ टक्के क्रोमियमपैकी बरेचसे दीड टक्का कार्बनशी बांधले जाते, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नसते. सांगोल्याकडचे डाळिंब अशा पात्याने कापून तसेच ठेवले तर सालीतले टॅनिन लोखंडाशी मिळून काळे डाग पाडते. फळ कापायचे असेल तर पाते लगेच धुऊन कोरडे करावे, हे डी२ घेणाऱ्याने मान्य करूनच घ्यावे.

खिशाला अडकवायची क्लिप पात्याचे टोक वर ठेवून चाकू धरते की खाली, हे पाहावे. टोक वर असेल तर खिशाच्या मागच्या शिवणीला लागून चाकू बसवावा, म्हणजे पाते चुकून सुटलेच तर शिवण त्याला अडवते. केर्शॉच्या ‘लीक’सारख्या काही चाकूंत पाते मिटलेले असताना टोक अडवणारी छोटी सरकपट्टीही असते. लहान मुले असलेल्या घरात ती असावीच.

कायद्याचेही भान हवे. भारतीय शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात आणि घरगुती, शेती वा औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तीन-साडेतीन इंचांचा चाकू त्या मापाच्या बराच आत राहतो. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली काढलेल्या आदेशांत चाकू बाळगण्यासही मनाई करता येते, आणि मोठ्या मिरवणुका, निवडणुका अशा काळात हे आदेश निघतात. म्हणून गड्ड्याच्या जत्रेला जाताना मी चाकू कारखान्यातच ठेवतो. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून जाणाऱ्याने तो हातातल्या बॅगेत ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

धार लावण्यासाठी सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे असा चाकू देऊ नये. घरच्या विळीला तो ठीक आहे, पण कोरड्या चाकावर पातळ धार इतकी तापते की तिचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते, आणि मग ती कितीही घासली तरी टिकत नाही. पाण्याचा बारीक दगड, दर बाजूला साधारण वीस अंशांचा कोन आणि सावकाश हात पुरेसा होतो. सांधा खोलायचा असेल तर चांदणीच्या आकाराचा योग्य मापाचा टॉर्क्स पेचकस लागतो, आणि बाजू उचलताना बोट त्या तारेवर ठेवावे. नाहीतर ती उडून मागाखाली गेली की सुताच्या ढिगात ती शोधायला अख्खी पाळी जाते.