आमची वाटचाल: तारेखालची 19 वर्षं

आमच्या फर्मला यंदा 19 वर्षं झाली. काम पहिल्यापासून एकच, उच्चदाब वीजवाहिनी उभी राहण्याआधी तिच्या मार्गाचा पर्यावरणीय आघात अभ्यास. सुरुवात दोघांनी केली. मी सर्व्हेअर, भागीदार माझ्याहून 15 वर्षांनी मोठे, पक्ष्यांचे जाणकार. भांडवल म्हणजे जुनी जीप, त्यांची 8×42 दुर्बीण, माझा जीपीएस आणि एक लेझर रेंजफाइंडर. त्या रेंजफाइंडरचे कोपरे झिजलेत, पण वाहिनीच्या माथ्यावरच्या अर्थवायरची, म्हणजे विजेपासून बचाव करणाऱ्या तारेची उंची मी अजून त्यानंच मोजतो.

आठव्या वर्षी आम्ही बुडता बुडता वाचलो.

400 केव्हीची वाहिनी होती, पर्यायी मार्ग तीन. ग्राहकाच्या पसंतीचा मार्ग सर्वांत सरळ, म्हणून स्वस्त. त्याचा एक तुकडा पाणथळ आणि माळ यांच्या मधून जात होता. उन्हाळ्यात तिथे भेगाळलेली जमीन. भागीदारांनी सुकल्या गाळातले पायांचे ठसे पाहिले आणि म्हणाले, "पाणी भरल्यावर परत आल्याशिवाय मी सही करणार नाही."

परत गेलो. क्रौंच आणि करकोचे पहाटे पाणथळातून माळावर, संध्याकाळी उलट, आणि बहुतेक थवे नेमके तारांच्या उंचीवरून. उच्चदाब वाहिनीवर पक्षी शॉक लागून सहसा मरत नाही, तारांमधलं अंतरच तेवढं असतं. तो धडकून मरतो. वीज वाहणाऱ्या जाड तारा, म्हणजे कंडक्टर, दिसले की वर उठतो आणि सर्वांत वरच्या बारीक अर्थवायरवर आदळतो. शिवाय खाली पाहायला मान झुकली की क्रौंचाला आणि माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांना समोरचं दिसतच नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांचं दृष्टिक्षेत्र मोजून हे दाखवलंय.

आम्ही लिहिलं: मार्ग वळवा. ते अशक्यच असेल तर अर्थवायरवर डायव्हर्टर, म्हणजे पक्ष्यांना तार दिसावी म्हणूनच्या खुणा, लावा, पण त्यानं धडका कमी होतात, थांबत नाहीत.

अहवालातलं ते प्रकरण गाळायला सांगितलं गेलं. आम्ही नकार दिला. उरलेलं बिल अडकलं ते अडकलंच, आणि काम दुसऱ्या एका फर्मकडे गेलं. त्यांनी 11 दिवसांत अहवाल दिला, तोही भर उन्हाळ्यातल्या पाहणीवर. नकाशा आमचाच. माझ्या हातून दोन अँगल पॉइंटच्या, म्हणजे वाहिनी वळते त्या जागांच्या, क्रमांकांची अदलाबदल झाली होती, तीसुद्धा तशीच उतरली होती. तो अहवाल मंजूर झाला. ते कागद मी अजून जपून ठेवलेत.

पुढचे 14 महिने जीप विकून माणसांचे पगार दिले. भागीदारांनी स्वतःचा वाटा घेतला नाही आणि त्याविषयी कधी बोललेही नाहीत.

वाहिनी उभी राहिली. तिसऱ्या वर्षी भागीदार स्वखर्चानं तिच्याखालून चालले. स्पॅनच्या, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या अंतराच्या, मध्याशी क्रौंच पडलेले सापडले.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना सांगतो, सापडले तेवढेच मेले असं कधी लिहू नका. कोल्ही-कुत्री उचलून नेतात, गवतात दिसत नाहीत. आधी स्वतःच काही मृत पक्षी मोजून वाहिनीखाली ठेवा. किती दिवस टिकतात आणि तुमच्या माणसांना किती सापडतात ते पाहा, मग आकडा दुरुस्त करा. लोकांच्या बैठकीला चुंबकीय क्षेत्र मोजणारा गॉसमीटर न्या. "तारांनी काही होत नाही" म्हणून उठू नका. 2002 मध्ये आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, वीजवाहिनीभोवती असतं अशा चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' म्हणजे 2बी गटात ठेवलंय, हे लोकांनी वाचलेलं असतं. चालू वाहिनीखाली, जिथे तारेचा झोळ सर्वांत खाली येतो तिथे, जमिनीपासून 1 मीटरवर त्यांच्यादेखत मोजा आणि वाहिनीवर त्या वेळी किती लोड होता तेही लिहा.

त्याच ग्राहकाकडचे एक लाइन इंजिनिअर तेव्हा बैठकीत एकटे आमच्या बाजूनं बोलले होते. पुढे त्यांनी नोकरी बदलली. तेव्हापासून त्यांची प्रत्येक वाहिनी आमच्याकडे येते. गेल्या महिन्यात फोन आला. दराचं काहीच बोलले नाहीत. "या वेळी किती ऋतू लागतील?" एवढंच विचारलं.

भागीदारांचे गुडघे आता चालू देत नाहीत. दुर्बीण त्यांनी माझ्याकडे दिलीय. पाणी भरलं की निघतोय.