व्यायाम किती, हे ठरलं, किती वाजता?

घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाने व्यायाम कोणत्या वेळी करावा, हे समजायला आधी अंतराळवीरांकडे बघू. अंतराळ स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे २४ तासांत १६ सूर्योदय. खिडकीतून बघून वेळ कळायची सोयच नाही. म्हणून तिथे ग्रीनिचची वेळ पाळतात. सकाळी सहाला उठायचं, रात्री साडेनऊला झोपायचं. झोपेसाठी साडेआठ तास राखलेले असतात, पण प्रत्यक्ष झोप सरासरी सहाच्या आसपास भरते.

माणसाच्या मेंदूत झोप-जागेची वेळ ठरवणारं घड्याळ असतं, त्याचा दिवस सरासरी २४.२ तासांचा असतो. रोज कोणी दुरुस्त केलं नाही, तर ते दिवसाला १२ मिनिटं मागे पडतं. महिन्याला सहा तास. दुरुस्तीचं मुख्य काम सकाळचा उजेड करतो. व्यायामही हातभार लावतो, पण बराच कमी. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस बंद यानासारख्या जागेत राहिले, तेव्हा त्यांची हालचाल उत्तरोत्तर कमी होत गेली आणि एकाचा झोप-जागेचा फेरा जवळजवळ २५ तासांचा झाला.

स्थानकावर व्यायामाला रोज अडीच तास दिलेले असतात. त्यात कपडे बदलणं, यंत्र लावणं, पुसणं सगळं आलं. वजनाच्या यंत्रात वजनं नसतातच, निर्वात (हवा काढून घेतलेले) सिलिंडर सुमारे २७० किलोपर्यंत जोर देतात. ट्रेडमिलवर अंगाला पट्टे बांधून खाली ओढून धरतात. हा सगळा खटाटोप मूळचा हाडांसाठी, कारण व्यायाम नसेल तर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं. त्या हिशेबात सकाळ-संध्याकाळ फारशी मोजली जात नाही. यंत्रं मोजकी, माणसं जास्त, त्यामुळे पाळ्या दिवसभर विखुरतात आणि कुणाच्या तरी वाट्याला संध्याकाळ येते.

खरी अडचण तिथे आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, घामही ओघळत नाही, कातडीवर पापुद्र्यासारखा साचून राहतो. व्यायामात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेल्याची नोंद आहे. झोप लागायला मात्र हेच तापमान उतरावं लागतं. शिवाय संध्याकाळी सात ते दहाचा व्यायाम घड्याळ पुढच्या वेळेकडे ढकलतो, म्हणजे झोप आणखी उशिरा. सकाळी सातचा किंवा दुपारी एक ते चारचा व्यायाम ते अलीकडे ओढतो. हे आकडे नेहमीच्या वेळी झोपणाऱ्यांचे. रात्री दोनला झोपणाऱ्याने ते तेवढे पुढे सरकवावेत.

घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं यापेक्षा वेगळं नसतं. पडून राहिल्यावर हालचालीमुळे दिवसा चढणारं तापमान चढत नाही, खोलीत ट्यूबलाइटचा जेमतेम १००-३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड, आणि दुपारभर डुलक्या. सकाळी सातला पडदा उघडा आणि पलंग असा फिरवा की तोंड खिडकीकडे येईल. पाठीमागून येणाऱ्या उजेडाचा फारसा उपयोग नाही. मग साडेसात आणि दोन अशा दोन ठरलेल्या वेळी, डॉक्टरांनी परवानगी दिलेलं करा: दोन्ही पावलं वर-खाली २० वेळा, मांडी आवळून ५ सेकंद धरणं १० वेळा, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने हात वर-खाली. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर चोळू नका, व्यायाम थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. ती गुठळी असू शकते. बऱ्याच दिवसांनी उठवताना आधी दोन मिनिटं कडेला बसवा, नाहीतर भोवळ येते.

फिजिओथेरपिस्ट काही घरांत रात्री आठला येतो, कारण तेव्हा घरचे ऑफिसातून आलेले असतात. ताकदीचा व्यायाम सकाळी हलवा, रात्रीला फक्त श्वसन आणि हलके ताण ठेवा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत. रात्रीच्या मालिका वेगळ्या खोलीत.

आठवडाभर झोपायची आणि आपोआप जाग यायची वेळ वहीत लिहा. दोन्ही रोज थोड्या थोड्या पुढे जात असतील, तर घड्याळ सुटलंय. सकाळचा उजेड वाढवा. जाग ठरल्या वेळीच येते पण रात्र तुटक जाते, तर घड्याळाला दोष देऊ नका. दुखणं, लघवी, संध्याकाळची औषधं तपासा.