नारिता ते असाकुसा: आईला घेऊन टोकियोत उतरताना

जपानच्या व्हिसाच्या अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. कोणत्या तारखेला कुठे असणार, कोणत्या हॉटेलात उतरणार, त्याचा पत्ता आणि फोन नंबर काय, हे सगळं त्यात लिहायचं असतं. त्यामुळे विमानाचं तिकीट, विमानतळावरून शहरात जायची गाडी आणि पहिल्या रात्रीची खोली या तिन्ही गोष्टी मला एकदमच ठरवाव्या लागल्या. त्या एकदमच ठरवायच्या असतात, असं माझं आता ठाम मत झालं आहे. सोबत आई होती. वय पासष्टच्या पुढे, गुडघे दुखरे. तिने निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं, "जमिनीवर झोपायला लावू नकोस, आणि बॅगा घेऊन जिने चढायला लावू नकोस. बाकी तू म्हणशील तसं."

सगळ्यात स्वस्त तिकीट रात्री दहाला नारिताला उतरणारं होतं. मला ते पटेना. नारिता विमानतळ टोकियोच्या मध्यभागापासून साठ किलोमीटरहून लांब, शेजारच्या चिबा प्रांतात आहे. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स यात तास सहज जातो आणि शहराकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या साधारण अकराच्या आसपास सुटतात. ती गाडी चुकली तर टॅक्सीला वीस हजार येनच्या वर मोजावे लागतात. आम्ही गेलो तेव्हा, २०२४ च्या नोव्हेंबरात, शंभर येनला साधारण ५५ रुपये पडत होते. म्हणजे तिकिटात वाचलेले पैसे एका रात्रीत उडाले असते. म्हणून वाटेत विमान बदलून सकाळी आठच्या सुमारास उतरणारं तिकीट घेतलं, थोडं महाग असूनही.

विमानतळावरून शहरात जायचे पर्याय बरेच आहेत, आणि माहिती काढताना सगळे स्कायलाइनरचंच नाव घेतात. ती गाडी सुंदर आहे यात शंका नाही. ताशी १६० किलोमीटरपर्यंत धावते, टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला चाळीस मिनिटांच्या आत पोहोचवते, तिकीट अडीच हजार येनच्या आसपास. जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, नारिता एक्स्प्रेस तेव्हा टोकियो स्टेशनपर्यंत ३,०७० येन घ्यायची. परदेशी पाहुण्यांसाठी तिचं जाऊन-येऊन तिकीट तेव्हा ५,००० येनचं होतं. टोकियो स्टेशनला जाणारी बसही आहे, दीड हजार येनची. पण निप्पोरी किंवा टोकियो स्टेशनला उतरल्यावर बॅगा ओढत दुसऱ्या गाडीत चढायचं असेल, तर वाचलेली वीस मिनिटं तिथेच खर्च होतात, आणि आईचे गुडघेही.

म्हणून मी उलटा विचार केला. विमानतळावरून गाडी न बदलता थेट कुठे जाता येतं, ते आधी पाहिलं. केइसेई कंपनीची ॲक्सेस एक्स्प्रेस नावाची साधी गाडी आहे. तिला आरक्षण नाही, जादा आकार नाही. ती पुढे तोएई असाकुसा या भुयारी मार्गावर शिरते आणि तासाभरात टोकियोतल्या असाकुसा भागात सोडते, तेराशे-चौदाशे येनमध्ये. साधारण चाळीस मिनिटांनी एक असते, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं. राहायचं ठिकाण मग आपोआपच असाकुसाच्या आसपास ठरलं.

खोली शोधायला मात्र फार वेळ लागला. एकटा असतो तर मी मिनामी-सेंजू स्टेशनजवळच्या सान्या भागात राहिलो असतो. युद्धानंतर टोकियो उभं करणारे रोजंदारीचे मजूर या वस्तीतल्या स्वस्त खोल्यांमध्ये राहत. त्यातल्या बऱ्याच जागा आता पाठीवर सामान घेऊन फिरणाऱ्या प्रवाशांना खोल्या देतात. रात्रीचे तीन-चार हजार येन, खोली तीन तातामी चटयांएवढी, गादी जमिनीवर आणि अंघोळीची सोय सामाईक. आईच्या पहिल्याच अटीवर ते बाद झालं. कॅप्सूल हॉटेलात, म्हणजे झोपण्यापुरत्या पेटीसारख्या जागा देणाऱ्या हॉटेलात, बायका आणि पुरुषांची सोय वेगवेगळी असते. परक्या देशात, पहिल्याच रात्री, आई एकीकडे आणि मी दुसरीकडे, हे मला नको होतं.

शेजारच्या काकूंनी निशी-कासाई सुचवलं होतं. त्यांचा भाचा तिथे राहतो. २००० सालाच्या आगेमागे भारतातून संगणक अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत आले आणि एदोगावा वॉर्डातल्या या भागात स्थिरावले. आज तिथे भारतीय किराणा मिळतो, मराठीही कानावर पडतं. मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. पण तिथून शहरात यायचं तर तोझाई मार्ग, आणि सकाळी त्यावर होणारी गर्दी जपानभर प्रसिद्ध आहे. तिथे राहायचं नाही, एका संध्याकाळी जेवायला जायचं, असं आम्ही ठरवलं आणि गेलोही.

शेवटी बिझनेस हॉटेल, म्हणजे लहान खोल्यांचं साधं हॉटेल, घेतलं. इथे काही गोष्टी बारकाईने पाहाव्या लागतात. जपानात खोलीचा दर बऱ्याचदा माणसांच्या संख्येवर बदलतो, म्हणून शोधतानाच दोन माणसं टाकायची. एकाचा दर पाहून खूश व्हायचं नाही. सेमी-डबल म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर रुंदीच्या एकाच पलंगावर दोघं. आम्हाला दोन वेगळे पलंग हवे होते, म्हणजे ट्विन. न्हाणीघराचा उंबरा आणि टबची कड, दोन्ही उंच असतात. धरायला दांडी आहे का, हे मी ईमेलने विचारलं आणि दुसऱ्या दिवशी नम्र उत्तर आलं, फोटोसकट. बुकिंग मोफत रद्द करता येणारं घेतलं, कारण व्हिसा हातात यायचा होता. टोकियोत राहण्याचा वेगळा कर आहे, पण माणशी रात्रीचा दर दहा हजार येनच्या खाली असेल तर तो लागत नाही. आमची खोली त्यातच बसली.

स्टेशनला लिफ्ट असली तरी ती बहुतेक वेळा ठरावीक एकाच दाराला असते. टोकियोतली भुयारी स्टेशनं जुनी आहेत. असाकुसा ते उएनो हा जपानचा पहिला भुयारी मार्ग १९२७ सालचा. नकाशाच्या ॲपमध्ये व्हीलचेअरचा पर्याय निवडला की लिफ्टचं दार आणि तिथून हॉटेलपर्यंतची वाट दिसते. हॉटेल "स्टेशनपासून तीन मिनिटं" असेल, पण लिफ्टच्या दारापासून ते दहा मिनिटंही असू शकतं. मी अंतर लिफ्टच्या दारापासून मोजलं आणि त्यावर दोन हॉटेलं यादीतून काढली.

प्रत्यक्षात सगळं फार सुरळीत झालं. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती व्हिजिट जपान वेब या सरकारी संकेतस्थळावर आधीच भरली होती, तिथे क्यूआर कोड दाखवला. विमानतळावरच वेलकम सुइका कार्डं घेतली, म्हणजे आधी पैसे भरून गाड्यांचं भाडं देण्याची कार्डं. त्यांना अनामत नाही, २८ दिवस चालतात, उरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत. गाडी टर्मिनल एकवरूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळाली. पाटीवर शेवटचं स्टेशन हानेदा विमानतळ असं दिसलं आणि आई दचकली, "अरे, आपण परत विमानतळावरच चाललोय का?" गाडी असाकुसावरून पुढे शहराच्या दुसऱ्या विमानतळाला जाते, हे सांगितल्यावर ती निवांत खिडकीबाहेरची भातशेतं पाहत बसली.

हॉटेलात प्रवेश दुपारी तीनला. जपानात हे बहुतेक ठिकाणी असंच असतं. पण सामान सकाळीच ठेवून घेतात, त्याचे पैसे घेत नाहीत. पासपोर्टची प्रत काढली, पावती दिली. आम्ही सेन्सोजी मंदिराकडे चालत गेलो आणि तीन वाजता परतलो, तेव्हा बॅगा खोलीत पोहोचल्या होत्या.

परतीचं विमान सकाळी लवकरचं होतं, म्हणून शेवटची रात्र टोकियोत न काढता नारिता गावात काढली. विमानतळापासून केइसेईने दहा मिनिटं. इसवी सन ९४० मध्ये स्थापन झालेलं नारितासान मंदिर तिथे आहे. खोली टोकियोपेक्षा स्वस्त आणि मोठी मिळाली. तिथली बरीच हॉटेलं विमानतळापर्यंत मोफत बस सोडतात. पहाटेच्या बसला जागा कमी असतात, तेव्हा आदल्या संध्याकाळीच काउंटरवर नाव नोंदवून घ्यावं.