पोपटी भिंत आणि पांढरा रंग

नवा टीव्ही घरी आला तरी बरेच दिवस तो मनाने दुकानातच असतो. शोरूमच्या लखलखाटात शेजारच्या टीव्हींना मागे टाकून गिऱ्हाइकाची नजर ओढायची, एवढंच त्याला शिकवलेलं. त्यासाठीच तो 'व्हिव्हिड' मोड. आभाळ निळंशार, गवत हिरवंकंच, बातम्या देणाऱ्या बाईंचे गाल लालबुंद. आपल्या बैठकीत गिऱ्हाईक कोणी नाही हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

परभणीच्या घरी मी तो 'सिनेमा' मोडवर नेला, कलर टेंपरेचर, म्हणजे पांढऱ्यातली निळसर-पिवळसर झाक, 'वॉर्म' केलं आणि आईने मान वर केली. "पिवळं दिसायलंय की रे. बिघडला का काय?" वडिलांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "वॉरंटीत आहे ना?"

आता पांढरा म्हणजे नेमका कुठला पांढरा, हे चित्र बनवणाऱ्यांनी कधीच ठरवून ठेवलंय. सिनेमा असो की मालिका, ती ज्या मॉनिटरवर रंगवली जाते त्याचा पांढरा ६५०० केल्विनच्या आसपासचा असतो. केल्विन हे या झाकेचं माप, आकडा वाढला की पांढरा निळसर. ऊन आणि आभाळ मिळून दुपारी जो उजेड पडतो, साधारण तसा. शोरूम मोड बरेचदा १०,००० च्याही पुढे जातो, म्हणजे चांगलाच निळसर. डोळा त्याला चटकन सरावतो आणि मग खरा पांढरा आजारी वाटायला लागतो. गंमत म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणारी 'कूल डेलाइट' ट्यूबही ६५०० चीच. म्हणून आईला म्हटलं, एकदा भिंतीवरच्या ट्यूबकडे बघ, मग टीव्हीतल्या त्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघ. तिने दोन्हीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मग ट्यूब जुनी झाली असंल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रंग तपासायला तज्ज्ञ मंडळी कातडी, आभाळ आणि गवत बघा म्हणतात, कारण हे तीन रंग सगळ्यांच्या मनात पक्के असतात. आपल्याकडे गवताची पंचाईत आहे. मृगापासून दिवाळीपर्यंत ते हिरवं, पुढे वाळून गेलेलं. मराठवाड्यातल्या माणसाला विचाराल तर पाऊस पडून गेल्यावरचं काळं रान हीच खरी परीक्षा. गावाकडच्या रानाचा मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ मी त्यासाठी जपून ठेवलाय. ब्राइटनेस कमी पडला की नांगरलेल्या ढेकळांचं नुसतं डांबर होतं. ना ढेकूळ दिसत, ना भेग, ना तासात साचलेलं पाणी. जास्त झाला की तीच जमीन चुलीतल्या राखेच्या रंगावर येते. शास्त्रशुद्ध काम टेस्ट पॅटर्नवर, म्हणजे तपासणीसाठीच्या तयार चित्रावर होतं, ते वेगळं. व्हिडिओत उजेडाचे आकडे ० ते २५५, पण काळा ० वर नसतो, १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. पॅटर्नमध्ये काळ्याच्या आसपास दोन-तीन पट्ट्या असतात. १६ च्या खालची पट्टी दिसेनाशी व्हावी आणि वरची जेमतेम दिसावी, इतपत ब्राइटनेस ठेवायचा. तरी पट्ट्या जुळल्यावर मी ढेकळं बघतोच. पट्ट्यांवर विश्वास आहे, पण ढेकळं ओळखीची आहेत.

टीव्हीचं हे इथेच भागतं. प्रोजेक्टर म्हणजे निराळं प्रकरण, ते संभाजीनगरला ताईच्या घरी कळलं. दाजींनी प्रोजेक्टर घेतला आणि चित्र त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी ते सुधारणारा एक डबा, म्हणजे व्हिडिओ प्रोसेसर, मध्ये जोडला. त्याचं मुख्य काम एचडीआर, म्हणजे गडद काळोखापासून लख्ख उजेडापर्यंत मोठा पल्ला असलेलं चित्र सांभाळणं. हल्लीचे सिनेमे १००० निट्स (निट हे पडद्यावरच्या उजेडाचं माप), काही तर ४००० निट्सचा उजेड धरून रंगवतात. घरच्या प्रोजेक्टरला मोठ्या स्क्रीनवर शंभर गाठतानाही धाप लागते. थिएटरचं साध्या सिनेमासाठीचं प्रमाणच मुळी ४८ निट्सचं आहे. तर हा डबा प्रत्येक फ्रेममधला उजेड मोजतो आणि तो सगळा प्रोजेक्टरच्या आवाक्यात बसवतो, ढगांमधले बारकावे न गमावता. शिवाय रंगांचा एक तक्ताही त्यात भरता येतो: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी १७ पायऱ्या, म्हणजे १७ × १७ × १७, ४९१३ ठिकाणी रंग दुरुस्त. तो तक्ता भरायला रंग मोजणारं मीटर स्क्रीनकडे रोखायचं, लॅपटॉप एकेक रंगाचा चौकोन दाखवतो, मीटर वाचतं आणि आपण अंधारात गप्प बसून राहायचं. त्याआधी प्रोजेक्टर अर्धा तास तापवायचा. एवढं सगळं ऐन रंगात आलं की लाइट जाते. लॅम्पवाल्या प्रोजेक्टरला तर असं अचानक बंद होणं घातकच, कारण पंखा थांबतो आणि आतली उष्णता तशीच राहते. म्हणून दाजींनी यूपीएस आधी घेतला, प्रोजेक्टर नंतर. याला म्हणतात मराठवाड्यातला माणूस.

मीटर मात्र दर वेळी हिरवा जास्त दाखवायचं. केबल बदलून झाली, सेटिंग पुन्हा भरून झालं. शेवटी कारण निघालं बैठकीची पोपटी भिंत. स्क्रीनवरचा उजेड भिंतीवर जायचा, तिथून हिरवा होऊन परत स्क्रीनवर यायचा. त्याने काळ्याचाही काळेपणा जातो. उपाय सरळ आहे, भिंती गडद आणि बिनचमकीच्या करायच्या. दाजींनी काळा रंग सुचवला. ताई म्हणाली, "बैठकीला काळा? येणारा-जाणारा विचारील, घरात काय झालं म्हणून."

तडजोड पडद्यांवर झाली. सिनेमा लावताना भिंतींवर ओढायचे, एरवी गुंडाळून ठेवायचे. राखाडी घ्या, असं दाजींनी चारदा सांगितलं. ताई गुलमंडीवर गेली आणि मरून मखमल घेऊन आली, खाली सोनेरी काठ. पडदे ओढून पुन्हा मीटर लावलं तर हिरवा जागेवर आला होता, काळाही बराच खाली उतरला होता, फक्त लाल किंचित वर गेला होता. दाजींनी माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपवर लाल खाली घेतला आणि पडद्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.