पांढरी पडलेली तिकिटं

झाड पडलेलं आम्ही आधी ऐकलं. कालमणी मागे टाकून आमची बस चढाला लागली होती. समोरच्या काचेवर वायपर नुसता पाणी इकडून तिकडे ढकलत होता. पुढे कुठेतरी मोठा कडाका झाला आणि मग फांद्या मोडत गेल्याचा लांबलचक आवाज आला. आमच्या ड्रायव्हर अण्णांनी वेग कमी केला. वळण घेऊन बघतो तर आईनाचं भलंमोठं खोड रस्त्यावर आडवं. दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर गाडीवरच आलं असतं. "येन माडूद्री, अक्कार," म्हणजे 'काय करायचं आता, ताई,' म्हणत अण्णांनी इंजिन बंद केलं. अण्णा बैलहोंगलकडचे. मराठी त्यांना सगळं कळतं, पण काळजीत पडले की कन्नडच तोंडात येतं.

बेळगाव जिल्ह्यातली खानापूर–जांबोटी–कणकुंबी ही कंडक्टर म्हणून माझी नेहमीची लाइन. जुलैत इथे पावसाच्या सरी येत नाहीत. पाऊस सकाळी सुरू असतो आणि रात्रीही तोच सुरू असतो. ज्या मलप्रभेचं पाणी पुढे सौंदत्तीच्या धरणात अडवतात आणि जी शेवटी कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, ती उगम पावते कणकुंबीला. हा पाऊस बघितला की त्याचं नवल वाटत नाही. दोन्ही बाजूंना रानच रान, आणि जांबोटी सोडली की फोनला रेंज नाही.

गाडीत बावीस माणसं. दोन कॉलेजची पोरं आणि एक गुरुजी पावसात उतरले. एका मामांकडे कोयता होता. त्यांनी लहान फांद्या तोडायला घेतल्या, पण खोड करवतीशिवाय हलणार नव्हतं. समोरून एक मोटारसायकलवाला आला होता. त्याला उलट पाठवून वनखात्याच्या माणसांना निरोप धाडला. मग वाट बघण्यापलीकडे आमच्या हातात काही उरलं नाही.

त्या दिवशी माझ्या मनाची अवस्था काय होती, तेही सांगते. माझ्या पर्समध्ये एक अर्ज होता. 'कंडक्टरची ड्युटी बदलून कार्यालयात काम मिळावे', अशी विनंती. लिहून चार दिवस झाले होते, द्यायचा बाकी होता.

कंडक्टर म्हणून मला चौदा वर्षं झाली. मी मराठी शाळेत शिकलेली. या नोकरीसाठी कन्नड लिहिता-वाचता यायला हवं म्हणून तेविसाव्या वर्षी शेजारच्या मुलीचं तिसरीचं पुस्तक घेऊन अक्षरं गिरवली. पहिल्या महिन्यात तिकिटाच्या मशीनवर थांब्याचं नाव वाचायला मला इतका वेळ लागायचा की पुढचा थांबा यायचा. तरी त्या दिवसांत मी खूश असायची. संध्याकाळी डेपोत बॅग रिकामी करायची, नोटा लावायच्या, चिल्लर मोजायची, वेबिलाशी, म्हणजे दिवसाच्या हिशेबाच्या कागदाशी, ताळा जुळवायचा. बॅग जड असली की दिवस भरल्यासारखा वाटायचा.

११ जून २०२३ ला कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकांना साध्या गाड्यांतून प्रवास फुकट. आधार कार्डावर कर्नाटकातला पत्ता बघायचा आणि शून्य रुपयांचं तिकीट द्यायचं. गाड्या भरून वाहू लागल्या आणि माझी बॅग हलकी झाली. या तिकिटांचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं, तेव्हा हिशेबात ती काही फुकट नसतात. हे मला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. दिवसभर शून्य, शून्य, शून्य काढायचं, गर्दीत उभं राहून पाय सुजवायचे, आणि संध्याकाळी हातात काय? पुरुष प्रवाशांची थोडीशी चिल्लर. काही पुरुष आमच्या तोंडावर बोलायचे, "बायकांना कामधंदा नाही, फिरत बसतात." उलट बोलण्याइतकं बळही माझ्यात उरलं नव्हतं, कारण थकून मीही मनात तेच म्हणायला लागले होते.

मधे काही महिने मी उचगावच्या बाजूला होते. तिथे एकदा दोन सख्ख्या बहिणी चढल्या. एक इकडे बेळगाव तालुक्यात दिलेली, दुसरी पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. दोघींच्या हातात आधार कार्ड. एकीला शून्य, दुसरीला पूर्ण तिकीट. एकाच आईच्या लेकी, एकाच बाकावर बसलेल्या. धाकटीने काही न बोलता पैसे काढले, आणि थोरलीने तिचा हात दाबून ते स्वतः दिले. हद्द म्हणजे काय, हे आम्हाला असं रोज तिकिटात दिसतं.

असो. गाडी उभी होती. कोणी भाजलेल्या आठळ्या काढल्या, कोणी तांदळाची भाकरी आणि लाल चटणी. एका बाईच्या टोपलीत विकायला नेलेली, उरलेली अळंबी होती. ती सारखी पानं उचलून अळंबी भिजली का बघायची. माहेरी निघालेली एक बाळंतीण मागच्या बाकावर बाळाला पाजत होती. तिच्या बाजूची खिडकी नीट बंद होत नव्हती म्हणून मी तिथे रिकामं पोतं कोंबलं. परत येताना पाहते तर मधल्या वाटेत, ओल्या जमिनीवर, कागदाच्या घड्यांचा छोटा ढीग पडलेला. कोरे, मळके चिटोरे. गाडीत कचरा दिसला की उचलायची मला सवय आहे. मी तो गोळा केला आणि खिडकीतून टाकायला हात बाहेर काढला.

"टाकू नको गं! माझं हाय ते!"

तिसऱ्या बाकावरची आज्जी. मी तिला ओळखत होते, म्हणजे तोंडओळख. पंचाहत्तरीच्या पुढची असेल. दर मंगळवारी, नाहीतर एक मंगळवार सोडून, खानापूरच्या अलीकडच्या एका फाट्यावर चढायची. हातात कापडी पिशवी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. सुपारी काढताना तिच्या मांडीवरून चंची सरकली होती आणि आतला एक कप्पा सांडला होता. मी घड्या तिच्या ओंजळीत दिल्या. तिने एकेक पदराला पुसली.

"काय आहे हे, आज्जी?"

"तिकिटं की. तूच दिलेली. थोडी दुसऱ्या बाईनं दिल्यात, खरं बरीच तुझी."

मी एक घडी उलगडली. काही नाही, पांढरा कागद. दुसरी, तीसुद्धा पांढरी. आमचं मशीन शाईने छापत नाही. तो कागदच उष्णतेने काळा होणारा असतो आणि त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. उन्हात किंवा अंगाजवळ ठेवली तर आणखी लवकर. तिची तिकिटं चुन्याच्या डबीला खेटून, कमरेच्या उबेत राहिलेली. तिला हे सांगावं की नाही, मला कळेना.

तीच म्हणाली, "सगळी पांढरी पडल्यात बघ. असूं दे. मला कुठं वाचाय येतंय? ही घडी बघ, ही मी चौकोनी घातल्या. ही हलशीची."

"हलशीला कोण आहे तुमचं?"

"कोण न्हाई. नरसिंहाचं देऊळ हाय न्हवं? लगीन होऊन आल्यापासनं ऐकत होतो हलशी, हलशी. पायरीवर बसलो, भाकरी खाल्लो, आलो."

मी तिच्या शेजारी बसले. ड्युटीवर मी कधी अशी बसत नाही. ती एकेक घडी माझ्या हातात द्यायची आणि सांगायची. ही लांबट घडी नंदगडची. १८३१ साली इंग्रजांनी कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सेनेतल्या संगोळ्ळी रायण्णाला जिथे फाशी दिलं, तिथला वड तिला बघायचा होता. तिचा बा बाजाराला जाऊन आला की त्या वडाची गोष्ट सांगायचा, पण तिला कधी नेलं नव्हतं. ही असोग्याची. मलप्रभेत पाय सोडून बसली, रामलिंगाला बेल वाहिला. ही बेळगावची. कपिलेश्वराला गेली, आणि येताना एका दुकानात उभी राहून कुंदा घेतला, पावशेर, स्वतःसाठी. "घरी न्हाई नेलो. वाटेतच खाल्लो. सगळा." हे सांगताना तिने तोंडावर पदर घेतला.

एक घडी तिने बराच वेळ उलगडलीच नाही. ती तिच्या लहानपणीच्या मैत्रिणीच्या गावची होती. दोघी एकत्र गुरं राखायच्या. लग्नं झाली, आणि त्यानंतर एकदाही भेट नाही. गाडी फुकट झाली तशी आज्जी विचारत विचारत तिच्या दारात पोचली. मैत्रीण दोन वर्षांमागे वारली होती. "तिच्या सुनंनं च्या दिला. तिचं लुगडं दाखवलं. मी त्येला हात लावून बसलो थोडा वेळ. मग गाडी आली."

बाळंतिणीने मागून विचारलं, "आज्जी, मग आधी का गेला नाहीत ओ? तिकीट काय एवढं महाग होतं?"

"पैसं माझ्याकडं कधी होतं गं बाळ? भात लावलो, भात कापलो, तीस-चाळीस वर्सं. पैसं मालकांच्या हातात, मागनं लेकाच्या हातात. तिकिटाला मागाय गेलं की कुठं जातीस सांग, कशाला जातीस सांग, कवा येतीस सांग. कशाला म्हणून काय सांगू? देऊळ बघाय? वड बघाय?" ती थांबली. "आता कोण इचारत न्हाई. दाराला कडी घालतो नि फाट्यावर येतो."

शेवटच्या काही घड्यांपैकी एक तिने माझ्या तळहातावर ठेवली. "ही कुठलीच न्हवं. ह्या आखाडात जांबोटीला गेलो नि त्याच गाडीनं परत आलो. आत बसून पाऊस बघाय. घरात पाऊस आला की भांडी मांडावी लागतात गळतीखाली. गाडीत नुसतं बघायचं."

मला तो मंगळवार आठवला. जांबोटीला उतरली नाही म्हणून मी तिच्यावर खेकसले होते. परतीचं दुसरं तिकीट काढावं लागलं म्हणून मनात चरफडलेही होते. तपासणीवाले आले तर उगाच चौकशी नको, एवढाच माझा विचार. आणि ती माझ्यामागे खिडकीला गाल टेकून आयुष्यात पहिल्यांदा पाऊस नुसता बघत होती.

मी हे लिहिते आहे ते यासाठीच. मी स्वतः रोज दोनदा या रस्त्याने जाते. भातलावणीला वाकलेल्या बायका, जांबोटीला रस्त्याकडेला अळंबी घेऊन बसणाऱ्या पोरी, हे सगळं माझ्या खिडकीवरून गेली किती वर्षं जातं. मी बघत होते ते माणसांचे हात: कोण कार्ड काढतंय, कोण सुट्टे देतंय. सुख कधी मिळेल याचे माझे हिशेब ठरलेले होते. मुलाला पुण्यात कायमची नोकरी लागली की, घराचं कर्ज फिटलं की, कार्यालयात बसायला मिळालं की. या बाईने तेच सुख माझ्याच गाडीत, मी वैतागून फाडून दिलेल्या कागदात शोधलं होतं, आणि घडी घालून जपलं होतं.

वनखात्याची माणसं आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. करवत सुरू झाली, आणि दोनच काप झाल्यावर वरच्या बाजूची माती सरकून आणखी एक झाड कलंडलं. आज रस्ता मोकळा होणार नाही, ते म्हणाले. पलीकडच्या गावांची पाच-सहा माणसं खोडावरून चढून चालत गेली. बाळंतिणीचा भाऊ पलीकडून जीप घेऊन आला होता. कॉलेजच्या पोरांनी बाळाला हातोहात पलीकडे दिलं, तेव्हा सगळी गाडी श्वास धरून उभी होती. बाकीच्यांना घेऊन आम्ही मागे फिरलो.

आज्जीची धाकटी बहीण कणकुंबीजवळ राहते. तिच्याकडे निघाली होती ती. "चुकलंच आज तुमचं," मी म्हटलं.

"कुठं चुकलं? निम्मं गेलो की. निम्म्याचं तिकीट दे."

"निम्म्याचं नसतं, आज्जी. परतीचं देते." मी तिकीट काढलं आणि खिशातून बॉलपेन काढून त्याच्या मागच्या, कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं. मग म्हणाले, द्या ती सगळी इकडे. गाडी हिसके देत होती, दिव्याचा उजेड पिवळट होता, अक्षर वाकडंतिकडं आलं. पण ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. हलशी. नंदगड, वड. असोगा. बेळगाव, कुंदा. पाऊस बघायला. मैत्रिणीच्या घडीवर काय लिहू विचारलं तर तिने नुसतं मैत्रिणीचं नाव सांगितलं. खानापूरच्या अलीकडे तिचा फाटा येईपर्यंत एकतीस झाली. दहा राहिली.

डेपोत उशीर झाला. वेबिल भरताना शून्य तिकिटांचा आकडा लिहिला आणि त्या आकड्याकडे जरा वेळ बघत राहिले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काय चुकलंय काय?" नाही म्हटलं. पर्समधला अर्ज अजून पर्समध्येच आहे. तो दिला नाही, फाडलाही नाही. गुडघे दुखतात हे खोटं नाही, आणि कधीतरी तो द्यावाही लागेल.

पुढच्या मंगळवारी रस्ता सुरू झाला होता. फाट्यावर आज्जी उभी होती. खोळ नव्हती, काखेत पिशवी होती. तिने कार्ड पुढे केलं आणि मोठ्याने म्हणाली, "कणकुंबी. बहिणीकडं." तिकीट घेतलं, उलटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं. मी पेन काढलं.

"काय लिवालीस?"

मी वाचून दाखवलं: "कणकुंबी. बहीण. मंगळवार. पाऊस."

तिने मान वाकवून खिडकीबाहेर बघितलं. आठ-दहा दिवसांनी भातखाचरांवर ऊन पडलं होतं आणि पाणी चकाकत होतं.

"पाऊस काट. आज उघडलंय."

मी पाऊस खोडलं आणि शेजारी ऊन लिहिलं.