‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’: 624 आवाजांचं धुकं

टेनसीसी या ब्रिटिश बँडचं हे 1975 सालचं गाणं आधी बोसानोव्हा या ब्राझिलियन शैलीच्या ठेक्यावर होतं. ते जमेना, म्हणून बँडमधल्या केव्हिन गॉडलीनं सुचवलं, वाद्यांऐवजी आवाजच वापरू.

इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधल्या तिघांनी एकेक सूर ‘आ’कारात 16 वेळा गायला. म्हणजे प्रत्येक सुराला 48 आवाज. असे 13 सूर, एकूण 624 आवाज. प्रत्येक सुराच्या टेपची टोकं जोडून सुमारे बारा फुटांची वेटोळी केली, ती फिरवत ठेवून सूर सलग रेकॉर्ड केला. मग मिक्सिंग डेस्कचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या, वरखाली करत कॉर्ड (एकत्र लागणारे सूर) ‘वाजवले’. खरी गंमत पुढे आहे! फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून तळाशी चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे नको असलेले सूरही अगदी हलके झिरपत राहतात. मूळ गाण्यातलं धुकं तेच.

कव्हर, म्हणजे इतरांनी पुन्हा गायलेलं रूप, बहुतेकदा इथेच फसतं. सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, पॅडचे (मागे लांबत राहणारे) सूर वाजवताना बोट उचललं की सूर तुटतो, कॉर्ड स्वच्छ पण कोरडा लागतो. करून पाहायचं असेल तर कॉर्डखाली सप्तकातले बाराही सूर जेमतेम ऐकू येतील इतके सतत चालू ठेवा. जास्त झाले तर गढूळ होतं.

प्रिटेंडर्सनी 1993 मध्ये, डायना क्रॉलनं 2015 मध्ये हे गायलं. माझ्या मते या गाण्यात गायकीइतकंच मागच्या त्या धुक्याला मोल आहे. हेडफोन लावून मूळ ऐका, मधल्या कुजबुजीपाशी तर नक्कीच थांबा. तो आवाज स्टुडिओतल्या रिसेप्शनिस्टचा आहे.