एसेन: मागून भरायच्या पोलादी तोफांच्या गावात

जर्मनीतल्या एसेनच्या मुख्य स्टेशनवरून पश्चिमेला चालत निघालं की अर्ध्या तासाच्या आत आल्टेनडॉर्फर रस्ता येतो. काचेच्या उंच इमारतींच्या शेजारी एक अगदी छोटं घर दिसतं. हे पोलाद आणि तोफा बनवणाऱ्या क्रुप घराण्याचं मूळ घर. दुसऱ्या महायुद्धात ते पडलं आणि 1961 साली पुन्हा बांधलं. आजूबाजूचा कारखाना मात्र गेला. त्याच्या जागेवर आता बाग आणि कार्यालयं आहेत. त्यामुळे इथं काय घडत होतं ते ठाऊक असल्याशिवाय या फेरीत हाती फारसं लागत नाही.

आल्फ्रेड क्रुपनं पहिली पोलादी नळी 1847 साली प्रशियाच्या लष्कराला पाठवली. साडेसहा सेंटिमीटरची तोफ होती ती. तेव्हा तोफा काशाच्या नाहीतर बिडाच्या ओतत. बीड अचानक फुटतं. कासं फुटत नाही, पण मऊ असल्यानं आतून झिजतं. पोलादात दोन्हींचा इलाज होता. अडचण होती ओतण्याची. पोलाद मातीच्या मुशींत वितळवत आणि एका मुशीत दोन माणसांना चिमट्यानं उचलता येईल एवढंच मावे. 1851 च्या लंडन प्रदर्शनात क्रुपनं दोनेक टनांचा एकसंध ठोकळा मांडला, त्याला शंभराच्या आसपास मुशी लागल्या. त्या एकामागून एक, धार न तुटता रिकाम्या व्हायला हव्यात. मध्ये क्षणभर खंड पडला की आधीचा थर थिजतो, नवा त्याला नीट चिकटत नाही आणि ठोकळ्यात न दिसणारा सांधा राहतो. तोफेची नळी पुढे तिथंच तडकते. म्हणून माणसांच्या जोड्या कवायतीसारख्या तालात चालवत. मग ठोकळा तापवून घणाखाली घालायचा, म्हणजे आतली छिद्रं दाबली जातात. घाईनं तापवला तर बाहेरचा भाग आतल्याच्या आधी फुगतो आणि चीर जाते. 1861 साली बसवलेला ‘फ्रिट्झ’ हा 50 टनी वाफेचा घण 1911 पर्यंत चालला.

माझ्या मते या तोफांचं खरं कसब मात्र मागच्या तोंडात, म्हणजे गोळा आणि दारू जिथून भरतात तिथं आहे. नळी कितीही भक्कम असू दे, मागची फट नीट बंद झाली नाही तर तापलेला वायू तिथून सुटतो आणि केसाएवढी वाट पहिल्या काही बारांतच खरवडून रुंद करतो. 1861 च्या प्रशियन सहा पाउंडी तोफेत वारेनडोर्फ या स्वीडिश बॅरनच्या पद्धतीचा दट्ट्या होता. त्याला आडवा दांडा घालून अडकवत आणि फट बुजवायला दाबलेल्या पुठ्ठ्याची वाटी लावत. दर बाराला नवी वाटी! 1864 च्या चार पाउंडीत दोन पाचरी आल्या. त्या एकमेकींवर सरकवल्या की जाडी वाढते आणि तोंड घट्ट मिटतं. फट बुजवायला तांब्याची कडी. (‘चार पाउंडी’ हे नाव त्या मापाच्या जुन्या गोल गोळ्याचं. प्रत्यक्षातला लांबट गोळा चार किलोहून जड होता.)

1866 च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात यातल्या काही तोफा फुटल्या. पाचरीसाठी नळीत कापलेली खाच चौकोनी होती. सगळा ताण तिच्या काटकोनी कोपऱ्यांत साचे आणि तडा तिथूनच निघे. उपाय साधा निघाला: एकच पाचर, तिची पाठ गोलाकार. कोपरा गेला, ताण पसरला. सोबत ब्रॉडवेल कडी आली. तिची आतली कड पातळ असते, वायूच्या दाबानंच ती फाकून भिंतीला चिकटते. म्हणजे दाब जितका जास्त तितकी फट घट्ट. 1873 च्या 88 मिलिमीटर तोफेत हे सगळं एकत्र आलं.

त्याआधी, 1 सप्टेंबर 1870 ला फ्रान्सशी झालेल्या युद्धात सेदाँच्या लढाईत, प्रशियाच्या मागून भरायच्या तोफांसमोर फ्रेंचांकडे तोंडाकडून भरायच्या काशाच्या तोफा होत्या. इंग्रजांनी आर्मस्ट्राँगच्या मागून भरायच्या तोफा 1863 साली जपानात कागोशिमाला वापरल्या. तिथं बंद करायचे भाग उडाले, तडकले, आणि इंग्रज पुन्हा तोंडाकडून भरण्यावर गेले. म्हणूनच मुंबई बंदराच्या रक्षणासाठी आलेल्या ‘मॅग्डाला’ जहाजावर आधी तोंडाकडून भरायच्या 10 इंची तोफा होत्या. मागून भरायच्या 8 इंची तोफा तिच्यावर 1892 साली चढल्या.

दुपारी एस 6 लोकल पकडून ह्यूगेल स्टेशनला उतरा. टेकडीवर आल्फ्रेडनं 1873 साली पुरा केलेला वाडा आहे. तिथं क्रुपच्या तीन कड्यांचं चिन्ह दिसेल. पुष्कळ जण त्या तोफांच्या नळ्या समजतात. त्या आहेत रेल्वेच्या चाकांवर चढवायच्या, सांधा नसलेल्या धावा, म्हणजे चाकाभोवतीची पोलादी कडी. तोफांना गिऱ्हाईक नव्हतं त्या काळात कारखाना या धावांच्या पैशावर तगला. करायची रीत अशी: घडीव पोलादी कांबीला मधोमध चीर द्यायची, चिरेत पाचरी ठोकत ती फाकवायची आणि गोल झाली की लाटून मापात आणायची.